आधीचं सिझर, आता नॉर्मल करायचंय? सुरुवात कुठून करायची ते

पहिलं सिझर झालेलं असलं आणि परत दिवस गेले की आजूबाजूच्या सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं, आता दुसरंही सिझरच. मला तर सोनोग्राफीच्या टेबलावर पडल्या पडल्या विचारलं होतं, तारीख घेतली का ऑपरेशनची, आणि तेव्हा जेमतेम तिसरा महिना संपत होता. मग घरी येऊन वाचायला घेतलं तर एकीकडे नॉर्मल झालंच पाहिजे म्हणणारे आणि दुसरीकडे पिशवी फाटून मरशील म्हणणारे, मधलं सरळ सांगणारं कोणी सापडेना. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, एक सिझर आणि त्यानंतर एक नॉर्मल अशी दोन्ही करून बसलेली बाई आहे, आणि त्या नऊ महिन्यांत डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं ते इथे आहे.

सिझरनंतरच्या नॉर्मल डिलिव्हरीला व्हीबॅक म्हणतात. पण कळा सुरू झाल्या म्हणजे व्हीबॅक झालं असं नाही, तोपर्यंत तिला डॉक्टर ट्रायल म्हणतात, म्हणजे प्रयत्न. हा शब्द मला आधी खटकला होता, मी काय प्रयोगशाळेतला उंदीर आहे का वगैरे, पण नंतर लक्षात आलं की शब्द अगदी बरोबर आहे. व्हीबॅक करायचं की नाही हे एकदा ठरवून मोकळं होता येत नाही, ते बाराव्या आठवड्यात ठरवायचं, छत्तिसाव्यात परत ठरवायचं, तारीख उलटली की परत, आणि लेबर रूममधे ऐन कळांमधे सुद्धा परत. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं टेन्शन जातं.

पहिली पायरी: जुनी फाईल शोधा

इथेच बहुतेक जणी अडकतात. तुमच्या पोटावरचा टाका आडवा आहे का उभा याला फारसा अर्थ नाही. महत्त्वाचा आहे तो आतला, गर्भपिशवीवरचा छेद, आणि बाहेरून आडवा टाका दिसतोय म्हणून आतला पण आडवाच असेल याची गॅरंटी नसते. बाळ खूप आधी काढावं लागलं असेल, आडवं असेल, किंवा वार (प्लॅसेंटा) वाटेत असेल तर कधीकधी आत उभा छेद घ्यावा लागतो आणि वरून मात्र तोच नेहमीचा आडवा टाका असतो.

पिशवीच्या खालच्या भागात घेतलेला आडवा छेद हा सगळ्यात चांगला, कारण तो भाग पातळ असतो, कळांमधे तो जोर लावत नाही, नुसता ताणला जातो, आणि भरून पण नीट येतो. कागदावर त्याला एलएससीएस लिहितात. वरच्या जाड भागात उभा छेद असेल तर त्याला क्लासिकल म्हणतात, आणि कळा तिथूनच जोर मारतात त्यामुळे तिथला टाका उसवायची भीती कितीतरी जास्त, १०० मधे ४ ते ९ पर्यंत सांगतात. कधी आडवा छेद पुरला नाही म्हणून तो वरती वाढवलेला असतो, इंग्रजी टी किंवा जे अक्षरासारखा, तो पण याच गटात धरतात.

'एकदा सिझर म्हणजे कायम सिझर' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, ते न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन नावाच्या डॉक्टरांनी १९१६ साली लिहिलं. त्या काळी तो वरचा उभा छेदच सर्रास घ्यायचे, त्यामुळे तेव्हा ते खरंच होतं. आणि गंमत म्हणजे ते वाक्य बायकांना घाबरवायला नव्हतंच, ते डॉक्टरांना सांगत होते की बाबांनो पहिलं सिझर उगाच करू नका, पुढे सगळीच बाळंतपणं अडकतात. खालचा आडवा छेद त्यानंतर रुळला, पण वाक्य मात्र शंभर वर्षं तसंच चालू राहिलं.

तर, डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, ऑपरेशन नोट्स मागा. माझ्या कार्डवर दोनच ओळी होत्या, पायाळू म्हणून सिझर, आई बाळ सुखरूप, बस. नवऱ्याने त्या हॉस्पिटलला तीन चकरा मारल्या, पहिल्यांदा रेकॉर्डवाले सुट्टीवर, दुसऱ्यांदा अर्ज लिहून आणा, तिसऱ्यांदा एकदाची झेरॉक्स मिळाली. त्या एका पानावर सगळं होतं, छेद कुठला, किती थरात शिवला, छेद वाढवावा लागला का, रक्त किती गेलं, वार कुठे होती, नंतर ताप किंवा इन्फेक्शन झालं का. नवीन डॉक्टरांनी ते पान दोन मिनिटं वाचलं, बोट ठेवून एक ओळ परत वाचली आणि म्हणाल्या, ठीक आहे, आता आपण बोलू शकतो. तोपर्यंत त्या हो पण म्हणत नव्हत्या आणि नाही पण म्हणत नव्हत्या.

कागद मिळालाच नाही तर? सगळं संपलं असं नाही. सिझर कशासाठी आणि कितव्या आठवड्यात झालं यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. दिवस पूर्ण भरलेले, बाळ डोक्याने खाली, ठोके कमी झाले म्हणून सिझर, असं असेल तर छेद खालचा आडवाच असण्याची शक्यता खूप जास्त. पण अठ्ठाविसाव्या आठवड्यात झालेलं सिझर असेल तर मात्र कागदासाठी जिवाचं रान करा.

कोणी या वाटेला जाऊच नये

हे थोडक्यात सांगते कारण यात वाद घालण्यासारखं काही नाही. क्लासिकल किंवा टी छेद झालेला असेल, आधी कधी पिशवी फाटलेली असेल, वार पिशवीच्या तोंडावर असेल, बाळ आडवं असेल, किंवा फायब्रॉइडच्या गाठी काढताना पिशवीच्या आतपर्यंत छेद गेलेला असेल तर ठरवून सिझर हेच बरोबर. दोन सिझर झालेल्यांना काही डॉक्टर प्रयत्न करू देतात, धोका एका सिझरपेक्षा जास्त असतो आणि अनुभवी हात लागतो. जुळी असतील तर त्यावर वेगळं बोलणं होतं.

आणि वारेचं जरा लक्षात ठेवा, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ती कुठे आहे हे स्वतःहून विचारा. पुढच्या बाजूला, खाली, जुन्या टाक्यावर वार बसली असेल तर ती टाक्यात रुतून बसायची शक्यता असते, अ‍ॅक्रीटा म्हणतात त्याला, आणि ते प्रकरण गंभीर असतं. बहुतेक वेळा खाली दिसलेली वार पिशवी वाढते तशी वर सरकते, त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नका, पण परत तपासून मात्र घ्या.

माझे चान्सेस किती?

मोठमोठ्या अभ्यासांमधे साधारण ६० ते ८० टक्के बायकांचं नॉर्मल होतं. २००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात जवळपास १८ हजार बायकांनी सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न केला होता आणि सुमारे ७३ टक्के जणींचं झालं. म्हणजे चारातल्या तिघींचं, चौथीला सिझर. हा चौथीचा आकडा पण डोक्यात ठेवायचा, बहुतेक जणी फक्त पहिला आकडा ऐकतात.

पण हे सरसकट झालं, तुमचा आकडा वेगळा असणार. आधी एकदा जरी नॉर्मल झालेलं असेल, सिझरच्या आधी किंवा नंतर, तर शक्यता ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते, याच्याएवढी मदत दुसरी कुठलीच गोष्ट करत नाही. मग येतं पहिल्या सिझरचं कारण. पायाळू होतं, ठोके कमी झाले, वार खाली होती, ही कारणं त्या वेळेपुरती असतात, परत येतीलच असं नाही. याउलट पूर्ण तोंड उघडलं, दोन तास जोर लावला आणि बाळ उतरलंच नाही म्हणून सिझर झालं असेल तर शक्यता कमी होते, पण कमी म्हणजे शून्य नाही, त्यातल्या पण बऱ्याच जणींचं पुढच्या वेळी होतं कारण बाळाचं डोकं वळलेलं कसं होतं यावर खूप अवलंबून असतं. कळा आपोआप सुरू झाल्या तर चांगलं, बाळ ४ किलोच्या वर वाटत असेल, आईचं वजन खूप जास्त असेल, तारीख उलटून गेली असेल, बीपी वाढलेलं असेल तर शक्यता खाली येते.

नेटवर कॅल्क्युलेटर मिळतात, वय उंची वजन टाका आणि टक्के बघा. मी रात्री एक वाजता भरला होता आणि ६० च्या आसपास आकडा आल्यावर रडत बसले. नका भरू एकट्याने, डॉक्टरांसमोर भरा. ६० टक्के म्हणजे नापास नाही.

दोन बाळंतपणांमधलं अंतर पण विचारतात. साधारण १८ महिन्यांपेक्षा कमी असेल तर टाका उसवायचा धोका वाढतो. हे डिलिव्हरी ते डिलिव्हरी मोजायचं बरं का, डिलिव्हरी ते दिवस राहणं नाही.

सोनोग्राफीत टाक्याची जाडी मोजतात तिचं काय, असं खूप जणी विचारतात. इतक्या मिलिमीटरच्या वर असेल तर पास आणि खाली असेल तर नापास असा सगळ्यांना मान्य असलेला आकडा नाहीये. डॉक्टर ती माहिती बाकीच्या गोष्टींसोबत धरतात. फक्त त्या एका आकड्यावर कोणी लगेच सिझर सांगत असेल तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही.

धोका नीट समजून घ्या, दोन्हीकडचा

ज्याला सगळे घाबरतात ते म्हणजे टाका उसवणं, पिशवी फाटणं. खालचा आडवा छेद आणि एकच सिझर असेल तर ट्रायलमधे हे साधारण २०० मधे एकीला होतं. त्या २००४ च्या अभ्यासात १००० मागे ७ होतं, आणि त्यातही कळा आपोआप आल्या त्यांच्यात १००० मागे ४, कळा औषधाने आणल्या त्यांच्यात १००० मागे १०. म्हणजे २०० मधल्या १९९ जणींना काही होत नाही. पण जिला होतं तिला मिनिटं मोजायची वेळ येते, तातडीचं सिझर, रक्त चढवणं, कधीकधी पिशवी काढावी लागणं, आणि बाळाला ऑक्सिजन कमी पडणं. त्याच अभ्यासात बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याच्या १२ केस ट्रायलच्या गटात होत्या, ठरवून सिझर केलेल्यांत एकही नव्हती. हजारोंमधे १२ हा आकडा छोटा आहे, पण तो लपवून नॉर्मलचं कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो. आईने आकडा बघून मग ठरवावं.

आता दुसरी बाजू. परत सिझर म्हणजे फुकटची सेफ्टी नाही. पोटाचं मोठं ऑपरेशन आहे, आतले अवयव एकमेकांना चिकटतात, प्रत्येक पुढचं सिझर आधीच्यापेक्षा अवघड जातं, ठरवून केलेल्या सिझरच्या बाळांना सुरुवातीला श्वासाचा त्रास थोडा जास्त होतो. आणि ती वार रुतण्याची भानगड सिझरच्या संख्येबरोबर वाढत जाते. वार तोंडावर असलेल्या बायकांमधे दुसऱ्या सिझरच्या वेळी ती रुतलेली असण्याचं प्रमाण ११ टक्के आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के सापडलं होतं. म्हणून पुढे अजून मुलं हवीत का हा प्रश्न इथे खूप महत्त्वाचा. दोनच हवी असतील तर हिशोब वेगळा, तीन चार हवी असतील तर व्हीबॅकच्या बाजूने तराजू बऱ्यापैकी झुकतो.

सगळ्यात जास्त त्रास कोणाला होतो माहितीये? ना व्हीबॅकवालीला ना ठरवून सिझरवालीला, तर प्रयत्न करून शेवटी सिझर करावं लागलेल्या बाईला, रक्त जास्त जातं, इन्फेक्शनची शक्यता जास्त. म्हणूनच आपली शक्यता किती हे आधी बघायचं.

डॉक्टर आणि हॉस्पिटल

इथे गोड बोलण्यावर जाऊ नका. 'बघू, करू प्रयत्न' असं सातव्या महिन्यापर्यंत म्हणणारे आणि छत्तिसाव्या आठवड्यात 'बाळ मोठं आहे, रिस्क कशाला' म्हणणारे भेटतात, माझ्या ओळखीत दोघींना भेटले. काही डॉक्टर सरळ म्हणतात की मी करत नाही, ते मला जास्त प्रामाणिक वाटतात कारण तुम्हाला दुसरीकडे जायला वेळ मिळतो.

विचारायचे प्रश्न हे, आणि पाचव्या सहाव्या महिन्यातच विचारा. वर्षभरात अशा किती केसेस घेता आणि त्यातल्या किती नॉर्मल होतात? रात्री तीन वाजता भूल देणारे डॉक्टर हॉस्पिटलमधे असतात का घरून येतात? रक्ताची सोय आत आहे का बाहेरून आणावं लागतं? सिझर ठरलं तर बाळ बाहेर यायला किती वेळ लागतो? बाळांचे डॉक्टर आणि एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू, आहे का? तारीख उलटली तर किती दिवस थांबता? तुम्ही नसाल तर कोण बघणार आणि त्यांना हे मान्य आहे का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण कळा काही तुमच्या डॉक्टरांची ड्युटी बघून येत नाहीत.

चोवीस तास ऑपरेशनची तयारी नाही अशा ठिकाणी, किंवा घरी, हा प्रयत्न करू नका. यावर माझं मत ठाम आहे.

शेवटचे आठवडे

छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास परत बसून बोलायचं. बाळ डोक्याने खाली आहे का, वार कुठे, वजन किती वाटतंय, आणि मुख्य म्हणजे कळा आल्याच नाहीत तर काय. मी एका कागदावर तीन ओळी लिहून घेतल्या होत्या डॉक्टरांकडून. आपोआप कळा आल्या तर ट्रायल. एकेचाळीस आठवड्यांपर्यंत नाही आल्या तर तपासून ठरवू. त्याआधी काही बिघडलं तर सिझर. हे फाईलला पहिल्याच पानाला स्टेपल केलं, मग ड्युटीवर कोणी का असेना.

कळा औषधाने आणण्याबद्दल. करतात, पण सावधपणे. पिशवीच्या तोंडात छोटा फुगा घालून ते उघडायचा प्रयत्न करतात, त्याला फोलीज म्हणतात, तो टाक्याच्या दृष्टीने गोळ्या-जेलपेक्षा बरा समजतात. कळांचं ऑक्सिटोसिन सलाईनमधून हळूहळू देता येतं. मिसोप्रोस्टॉलची गोळी मात्र आधी सिझर असलेल्या बाईला भरल्या दिवसांत कळा आणायला देऊ नये असंच सांगितलेलं आहे, आणि कोणी द्यायला लागलं तर 'माझं आधी सिझर झालंय' हे मोठ्याने सांगा. कोणीतरी सांगितलं म्हणून घरी काहीबाही पिऊन कळा आणायच्या भानगडीत पण पडू नका. सिस्टरपासून डॉक्टरांपर्यंत जो कोणी खोलीत येईल त्याला हेच पहिलं वाक्य, आधी सिझर झालंय.

चालणं, हलकं काम, झोप, एवढं पुरे. पेल्व्हिक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या, ते नंतर कामाला येतात.

कळा सुरू झाल्यावर

पहिलं लक्षात घ्या, तुमचं दुसरं बाळंतपण असलं तरी शरीरासाठी हे पहिलंच असू शकतं. माझं पहिलं सिझर कळा यायच्या आधीच झालेलं, त्यामुळे सगळे म्हणत होते दुसरं पटकन होईल आणि मला झाले चौदा तास. पहिल्या वेळी तोंड बऱ्यापैकी उघडलं असेल तर जरा लवकर होऊ शकतं.

घरी किती वेळ काढायचा? बाकीच्यांना सांगतात तसं खूप वेळ घरी थांबू नका. कळा नियमित झाल्या, पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली की निघायचं, रिकाम्या हाताने परत पाठवलं तर पाठवलं.

गेल्यावर हाताला सुई लावतात, लगेच सलाईन नसलं तरी सुई असते, रक्तगट आणि क्रॉसमॅचसाठी रक्त घेतात. मग पोटाला दोन पट्टे, एक बाळाच्या ठोक्यांचा आणि एक कळांचा, आणि हे मॉनिटरिंग कळा जोरात आल्यावर सलग चालू ठेवतात. याचा कंटाळा येतो, खरं सांगते. ते जेल सुकतं, पट्टा सरकतो, मी कूस बदलली की ठोक्यांचा आवाज गायब आणि खोलीतल्या सगळ्यांच्या माना मशीनकडे. एकदा तर पूर्ण अर्धा मिनिट आवाज नव्हता, सिस्टरने काही न बोलता पट्टा दोन बोटं खाली सरकवला, तळहाताने दाबून धरला आणि आवाज परत आला, तिने हात मात्र पुढच्या दोन कळा संपेपर्यंत काढला नाही. पण तो पट्टा सोडू नका, कारण टाका उसवायला लागला तर बहुतेक वेळा सगळ्यात आधी कळतं ते बाळाच्या ठोक्यांवरूनच, दुखण्यावरून नाही. वायरलेस मॉनिटर असेल तर मागा, उभं राहता येतं. नसेल तर वायर पुरेल तिथपर्यंत बेडशेजारी उभं राहा, बॉलवर बसा, पडूनच राहायचं असा काही नियम नाही.

एपिड्युरल, म्हणजे कमरेत बारीक नळी घालून देतात ती भूल, घेता येतं. टाक्याचं दुखणं कळणार नाही म्हणून घेऊ नये असा जुना समज होता, आता तसं मानत नाहीत. उलट सिझर करायची वेळ आलीच तर तीच नळी बऱ्याचदा कामाला येते. फक्त दुखायचं थांबलंय आणि मग एकदम भूल चालू असताना सुद्धा परत दुखायला लागलं तर लगेच सांगा.

काय वाटलं तर लगेच ओरडून सांगायचं: कळ गेली तरी टाक्याच्या जागी दुखणं जात नाही, अचानक फाटल्यासारखं वाटलं, चांगल्या चाललेल्या कळा एकदम थांबल्या, खालून ताजं रक्त, लघवीत रक्त, खांद्यात दुखणं, चक्कर, घाम. कळेबरोबर टाक्याला ओढ बसणं आणि कळेबरोबरच जाणं हे पुष्कळ जणींना होतं, तरी सांगा, ठरवू दे त्यांना.

माझं पिशवीचं तोंड सहा सेंटीमीटर उघडून अडकलं. आंतरतपासणी केली, सहा, तीन तासांनी परत केली, सहाच. डॉक्टर पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, ठोके उत्तम आहेत, घाई नाहीये, पण आता परत ठरवूया, अजून दोन तास देऊया का आत जाऊया? मी म्हटलं दोन तास, आणि खरं सांगायचं तर नाही झालं तर मी आनंदाने आत जाणार होते, इतकी थकले होते. कुशीवर झोपवून पायात उशी दिली, बाळाचं डोकं वळलं असावं, दीड तासात नऊ. माझं झालं म्हणून हे सांगत नाहीये, शेजारच्या खोलीतली बाई त्याच दिवशी अशाच दोन तासांनंतर सिझरला गेली आणि तो पण तितकाच बरोबर निर्णय होता.

जोर लावायची वेळ आली की सांगतील तसं. व्हॅक्यूम किंवा चिमटा लावायची वेळ थोडी जास्त येते, त्याची मानसिक तयारी ठेवा. टाका उसवेल म्हणून घाबरत घाबरत अर्धवट जोर लावू नका, मी पहिला अर्धा तास तेच केलं आणि सिस्टरने हळूच कानात सांगितलं, ताई, पोटाचा विचार सोडा, खाली लक्ष द्या.

आणि सिझरच झालं तर

चारातली ती सिझरवाली चौथी तुम्ही असू शकता. त्यामुळे सिझरची तयारी पण आधीच करा, ऑपरेशनच्या वेळी सोबत कोण येऊ शकतं, बाळ लगेच छातीवर देतील का, दूध लवकर पाजता येईल का, हे सगळं आधी विचारता येतं. मधेच विचार बदलला, 'बास, मला नाही जमत, सिझर करा' असं वाटलं तर तसं म्हणायचा पूर्ण हक्क आहे. आणि ज्यांनी सगळं वाचून सुरुवातीपासूनच ठरवून सिझर निवडलं त्यांना कोणी शहाणपण शिकवू नये. ते सहसा एकोणचाळीस आठवडे झाले की करतात, आणि त्याआधीच कळा सुरू झाल्या तर काय करायचं हे पण विचारून ठेवा.

नंतरचे दिवस

सिझरनंतर उठताना जे होतं ते आठवत असेल, त्यामानाने हे म्हणजे, मी चार तासांनी स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेले. पण नॉर्मलनंतर काहीच दुखत नाही हा गैरसमज आहे. खालचे टाके बसायला देत नाहीत, पहिली शी करताना देव आठवतात, भरपूर पाणी प्या आणि पोट साफ व्हायचं औषध लिहून घ्या. काही जणींना फाटणं मागच्या बाजूपर्यंत जातं, साधारण १०० मधे ५, ते वेगळं नीट शिवावं लागतं आणि गॅस किंवा शी धरता येत नसेल तर लाजून गप्प बसायचं नाही.

रक्तस्राव काही आठवडे हळूहळू कमी होत जातो. तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय, मोठ्या गाठी, ताप, घाण वास, पोटात वाढत जाणारं दुखणं, पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही असलं तर फोन करून सांगत बसू नका, जा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळाचा रक्तगट विचारा, बाळ पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागतं.

मनाचं पण होतं काहीतरी. मला वाटलं होतं मी खूप खुश असेन, आणि होते, पण तिसऱ्या दिवशी पहिल्या सिझरची आठवण येऊन हमसून रडले, का ते कळेना. दोन आठवड्यांच्या वर असं चालू राहिलं तर बोला कोणाशी तरी, डॉक्टरशी.

घरी निघताना बिलाच्या गडबडीत एक काम विसरू नका, या डिलिव्हरीच्या नोट्सची पण कॉपी मागा. किती तास कळा होत्या, कळांचं इंजेक्शन दिलं का, व्हॅक्यूम लागला का, खाली फाटणं कितपत होतं, रक्त किती गेलं. मी ती पानं त्या जुन्या झेरॉक्सच्या मागेच लावून ठेवलीयेत, एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमधे.